थीटा लहरी, १८ नंबरचं गुणसूत्र आणि दारू: मेंदूतल्या जोडण्यांचा अभ्यास वाचायचा कसा?

अक्षतंतू (धागालेखक)

"बाप पितो म्हणून पोरगाही पिणार का?" याचं मोघम उत्तर सगळ्यांना पाठ आहे: थोडं रक्तातलं, थोडं संगतीचं. आकड्यात सांगायचं तर जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांची २०१५ साली एकत्र मोजदाद झाली, त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४९ टक्के निघाला. हा आकडा एका माणसाचा नव्हे. "तुझं निम्मं व्यसन बापाकडून आलं" असं त्यातून निघत नाही. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, इतकंच.

पण जनुकापासून ग्लासापर्यंतची वाट जाते कुठून? यकृतातली वाट बरीच उजेडात आहे. एडीएच१बी आणि एएलडीएच२ या विकरांच्या जनुकांचे ठरावीक प्रकार ज्यांच्याकडे असतात, त्यांच्या शरीरात दारू घेतल्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, तोंड लाल होतं, मळमळतं, आणि माणूस आपसूक कमी पितो. मेंदूतली वाट मात्र धुकट आहे. हा धागा तिच्याबद्दल.

अमेरिकेत १९८९ पासून 'कोगा' हा दारूच्या व्यसनाच्या आनुवंशिकतेचा कौटुंबिक अभ्यास चालू आहे. उपचाराला आलेल्या रुग्णांपासून सुरुवात करायची आणि त्यांची भावंडं, मुलं, इतर नातलग असं पुढे जायचं. प्रत्येकाची मुलाखत, डीएनए आणि ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद). यामागची कल्पना त्याहून जुनी. हेन्री बेगलायटर यांच्या गटाने १९८४ साली दाखवलं की व्यसनी बापांच्या, पण स्वतः अजून दारू न घेतलेल्या मुलांमध्ये ईईजीतली पी३०० नावाची लाट ठेंगणी असते. दारू पोटात जायच्या आधीच मेंदूत काहीतरी वेगळं आहे, ही ती कल्पना.

२०२१ साली छापलेला कोगाचा एक निबंध चर्चेला घेतो. ८८१० माणसं (६६४४ युरोपीय वंशाची, २१६६ आफ्रिकी वंशाची). डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ईईजीत डोक्याच्या मागच्या भागातल्या थीटा लहरी (सेकंदाला ३ ते ७ आवर्तनं) एकमेकींशी किती लयीत चालतात ते मोजलं आणि ते जीनोमभरच्या फरकांशी (माणसामाणसांत डीएनएतलं एखादं अक्षर वेगळं असतं, त्या जागांशी) ताडून पाहिलं. १८व्या गुणसूत्राच्या लांब बाहूच्या टोकाला, १८क्यू२३ या जागी, एकमेकांना चिकटून असलेले ६ फरक सापडले. डाव्या आणि उजव्या गोलार्धातल्या मंद थीटाच्या (३ ते ५) लयीशी त्यांचं नातं दिसलं. तेच फरक पिण्याच्या सवयीशीही जुळले आणि कॉर्पस कलोसमच्या मागच्या भागाच्या आकारमानाशीही. हे शेवटचं कोगाच्या काही जणांत आणि ब्रिटनच्या यूके बायोबँकेतही (स्वयंसेवकांची आरोग्यमाहिती, डीएनए आणि स्कॅन साठवणारा मोठा प्रकल्प) दिसलं.

कॉर्पस कलोसम म्हणजे दोन गोलार्धांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा जुडगा. म्हणजे साखळी अशी मांडलेली आहे: जनुकीय फरक → तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण → दोन गोलार्धांतली लय → पिणं. यातली कुठली कडी पक्की आहे आणि कुठली नुसती सुतळीने बांधली आहे, ते पाहू.

निळी_शाई

ही 'लय' मोजतात म्हणजे नक्की काय करतात? आणि ६ फरक सापडले म्हणजे ६ जनुकं का?

अक्षतंतू

दुसऱ्याचं उत्तर सोपं: नाही. शेजारशेजारचे फरक वारशात गठ्ठ्याने येतात, म्हणून सहाही बहुधा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. शिवाय ते ज्या पट्ट्यात आहेत त्यातून प्रथिन बनतच नाही, नुसता लांब आरएनए बनतो. असे आरएनए बऱ्याचदा आजूबाजूच्या जनुकांचा नळ कमीजास्त सोडतात. मायलिनमधल्या एका मुख्य प्रथिनाचं जनुक, एमबीपी, हेही १८क्यू२३ वरच आहे. म्हणून मायलिनचा तर्क. पण शेजारी राहतो म्हणून नातेवाईक ठरत नाही. ती कडी सुतळीचीच.

पहिल्याचं उत्तर टिपकागद यांनी द्यावं.

टिपकागद

या मापाला कोहिरन्स म्हणतात. दोन इलेक्ट्रोडचे संकेत घ्या, समजा पी३ (डावा) आणि पी४ (उजवा). रेकॉर्डिंगचे २-२ सेकंदांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात, समजा ४ हर्ट्‌झला, दोघांमधलं कलेचं (फेजचं) अंतर बघा, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती मागे-पुढे आहे ते. ते अंतर सगळ्या तुकड्यांत साधारण तेवढंच राहिलं तर कोहिरन्स १ कडे, दर तुकड्यात भलतंच आलं तर ० कडे. दोन टाळकरी एकाच वेळी टाळी देतात की नाही हा मुद्दा नाही. एक जण कायम अर्धा ठोका मागे असला तरी चालतं, ते 'मागे असणं' ठरलेलं हवं.

ऐकायला साधं. चुकायच्या जागा मात्र पुष्कळ.

पहिली, तुकड्यांची संख्या. दोन संकेतांचा काडीचा संबंध नसला तरी कोहिरन्स शून्य येत नाही, साधारण १ भागिले तुकड्यांची संख्या इतका येतो. ४ मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग म्हणजे १२० तुकडे, फुकटचा कोहिरन्स ०.००८. एखादा माणूस चुळबुळ्या, त्याचे ९० तुकडे फेकून ३० उरले, तर ०.०३३. आता व्यसनी गटातली माणसं जास्त चुळबुळी असतील तर नुसत्या तुकडे फेकण्यातूनच गटागटात फरक उभा राहतो, आणि चुळबुळीशी एखाद्या जनुकाचा संबंध असेल तर ते 'जोडणीचं जनुक' म्हणून छापून येतं! उपाय सोपा आहे: सगळ्यांचे तुकडे सारखेच घ्या, ज्यांचे जास्त आहेत त्यांच्यातले रँडम पद्धतीने उचला.

दुसरी, जेली. इलेक्ट्रोडखाली जेली जास्त भरली आणि ती शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत ओघळली की दोन्ही इलेक्ट्रोड विजेच्या दृष्टीने एकच होतात. पडद्यावर दोन ओळी अगदी जुळ्या दिसतात, कोहिरन्स ०.९९. घामानेही हेच होतं. एसी बंद पडलेल्या खोलीत मे महिन्यात घेतलेलं रेकॉर्डिंग म्हणूनच संशयाने बघावं. तपासायचं कसं? शेजारच्या दोन चॅनलची वजाबाकी करा. जवळजवळ सपाट रेघ आली तर पूल झालेला आहे.

तिसरी आपल्याकडची खास: तेल. डोक्याला तेल लावून आलेल्या माणसाचा इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणताना टेक्निशियन त्वचा खरवडून खरवडून थकतो. आदल्या रात्री शाम्पूने न्हाऊन, तेल न लावता या, हे अपॉइंटमेंट देतानाच सांगावं लागतं, चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं.

चौथी, संदर्भ इलेक्ट्रोड. कानाचा संदर्भ घेतला आणि त्या कानापाशी टेम्पोरल भागातली लहर पोचत असली, तर तीच लहर सगळ्या चॅनलमध्ये मिसळते आणि सगळीकडे कोहिरन्स फुगतो. म्हणून जवळजवळच्या इलेक्ट्रोडच्या जोड्या करून त्यांच्यातला फरक घेतात, मग एका जोडीचा दुसऱ्या जोडीशी कोहिरन्स काढतात. कवटीतून वीज पसरते, त्यामुळे जवळच्या जागांचा कोहिरन्स तसाही फारसा विश्वासाचा नसतो. वरच्या निबंधातला मुख्य निकाल लांबच्या, दोन गोलार्धांमधल्या जोड्यांचा आहे, हे त्याच्या बाजूने.

पाचवी सगळ्यात दगाबाज: पेंग. डोळे मिटून बसवलं की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माणूस डुलकीकडे सरकतो. अल्फा (स्वस्थ जागेपणीची लहर) विरतो, थीटा वाढतो, डोळे बंद पापण्यांआड सावकाश घरंगळतात. आपल्याला थीटाच मोजायचा आहे! म्हणून डोळ्यांचा चॅनल लावल्याशिवाय थीटाचं काहीही सांगू नये, आणि घरंगळणारे डोळे दिसले की तो तुकडा बाद.

कोरांटी

औषधांची भर घालते. व्यसनमुक्ती वॉर्डात दाखल माणसाला पहिल्या आठवड्यात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम चालू असतं. या गोळ्या बीटा (वेगवान) लहरी फुगवतात आणि पेंग आणतात. म्हणजे वॉर्डातल्या रुग्णांची ईईजी घेऊन बाहेरच्या निरोगी माणसांशी तुलना केली तर मोजलं काय? गोळी. नोंदवहीत शेवटचा डोस कधी, किती मिलिग्रॅम हा रकाना हवाच. त्याच्या शेजारी शेवटची दारू कधी, आणि श्वासाच्या चाचणीचा आकडा.

खडूस_संख्या

धाग्याला माझा मिरचीचा ठेचा.

या क्षेत्राचा इतिहास उमेदवार-जनुकांच्या प्रेतांनी भरलेला आहे. १९९० साली डीआरडी२ चा (डोपामिनच्या एका ग्राहकाच्या जनुकाचा) एक फरक व्यसनाशी जोडला गेला, वर्तमानपत्रांनी त्याला 'दारूचं जनुक' करून टाकलं. नंतर कळलं की तो फरक डीआरडी२ मध्ये नाहीच, शेजारच्या एएनकेके१ मध्ये आहे. आणि पुढच्या अभ्यासांत निकाल कधी आला, कधी आला नाही. शंभर-दोनशे माणसांवर एक आवडतं जनुक धरून केलेलं काम होतं, दुसरं काय होणार.

जीनोमभर शोधताना म्हणून पी-मूल्याचा (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याच्या शक्यतेचा) उंबरठा ०.०००००००५ इतका खाली ठेवतात, कारण चाचण्याच लाखोंनी होतात. पण तो उंबरठा एका गुणधर्मासाठी. कोहिरन्सच्या जोड्या अनेक, लहरींचे पट्टे अनेक. निबंधात त्यांनी एकमेकांशी जुळणारे गुणधर्म एकत्र तोलणारी एमटॅग पद्धत वापरली आहे, ते ठीक. पण एमटॅगचं एक गृहीतक असतं की सगळ्या गुणधर्मांत जनुकांच्या परिणामांचं नातं जीनोमभर सारखंच आहे. एखादा फरक एकाच जोडीवर परिणाम करत असेल तर तो बाकीच्या जोड्यांनाही उगाच डकवला जाऊ शकतो.

आणि मला खुपलेली गोष्ट: १२ ते ३० वयाच्या २३१६ मुलामुलींत वयानुसार पाहिलं तेव्हा मुख्य फरकाचा, आरएस१२९५४३७२ चा, परिणाम फक्त मुलींत, त्यातही २५ ते ३० वयात ठळक दिसला. पी-मूल्य भक्कम आहे, मान्य. तरी २३१६ चे लिंगाने दोन भाग, मग वयाचे गट, म्हणजे टोकाच्या गटात माणसं उरतात किती? असे निकाल खरे असू शकतात, पण स्वतंत्र समूहात पुन्हा दिसेपर्यंत पेन्सिलीने लिहायचे.

अक्षतंतू

पेन्सिलीचं मान्य. एवढंच म्हणेन की वयाचं गणित अगदीच अतर्क्य नाही. पांढऱ्या द्रव्याचं मायलिनीकरण विशीत चालूच असतं, त्यामुळे मायलिनशी संबंधित फरक १४व्या वर्षी न दिसता २७व्या वर्षी दिसणं अशक्य नाही. अर्थात, 'अशक्य नाही' म्हणजे 'सिद्ध झालं' नव्हे.

पारवा

ईईजीवर एवढी मेहनत घेण्यापेक्षा सरळ एमआरआय का नाही? जोडण्या तर त्यात दिसतात.

टिपकागद

दिसतात, पण दोन प्रकारच्या. तंतूंची रचना, म्हणजे डिफ्यूजन एमआरआय, आणि कोणते भाग एकत्र खालीवर होतात ते, म्हणजे विश्रांतीतलं एफएमआरआय. यूके बायोबँकेच्या ८४२८ जणांवर २०१८ साली झालेल्या कामात पांढऱ्या द्रव्याची आणि आकारमानांची मापं चांगलीच आनुवंशिक निघाली; विश्रांतीतल्या जोडण्यांपैकी मोजक्यांतच तसं दिसलं. कारण एफएमआरआयचा संकेत गोंगाटी. त्यात मेंदूचे १०० भाग केले तर जोड्या होतात ४९५०. प्रत्येक जोडीवर जीनोम चालवणं म्हणजे खडूस_संख्यांच्या ठेच्यात हात घालून डोळे चोळणं.

आणि खरा चोर आहे डोक्याची हालचाल. मशीनमध्ये डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी जवळच्या भागांची जोडणी वाढलेली आणि लांबच्यांची घटलेली दिसते. ही हालचाल स्वतःच आनुवंशिक आहे, आणि तिचे जनुकीय घटक लठ्ठपणाशी जुळतात, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे हालचाल नीट काढली नाही तर 'जोडणीचं जनुक' म्हणून चुळबुळीचं जनुक हाती लागतं. चौकटीगणिक (स्कॅनच्या एकेका फ्रेमगणिक) हालचाल ०.२ मिमीच्या वर गेली की ती चौकट टाकावी, ०.५ ची सैल मर्यादा ठेवली की चोर आत राहतो. टाकून झाल्यावर उरलेला वेळ ५ मिनिटांहून कमी असेल तर तो माणूसच वगळलेला बरा.

ईईजीचा फायदा हा की ती स्वस्त, आणि मुलांना १५ वर्षांत चार-पाचदा बोलावून घेता येते. कोगाचं बळ तिथे आहे.

कोरांटी

आता मूळ दुखणं. आधी काय? जोडणी कमजोर म्हणून पिणं, की पिऊन पिऊन जोडणी कमजोर?

दुसरी दिशा तर डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. भरपूर वाइन पिणाऱ्या इटालियन पुरुषांत कॉर्पस कलोसममधलं मायलिनच झडून जातं, असा आजार १९०३ साली वर्णिला गेला: मार्कियाफावा-बिन्यामी. अगदी तोच अवयव, तेच मायलिन! आणि थोडं पिणारेही यातून सुटत नाहीत. बायोबँकेतल्या ३६,६७८ जणांच्या स्कॅनवर २०२२ साली जे काम आलं, त्यात रोजचं एक ब्रिटिश युनिट वाढून दोन झालं की पन्नाशीतल्या माणसाच्या मेंदूत दिसणारा फरक साधारण दोन वर्षांच्या वार्धक्याएवढा होता.

मग कोगात २५-३० वयात दिसलेला फरक हा दहा वर्षांच्या पिण्याचा परिणाम कशावरून नाही? ते जनुक वेगळ्याच वाटेने पिणं वाढवत असेल आणि पिण्याने कॉर्पस कलोसम आटत असेल, तरी आकडे हेच दिसतील.

उलट बाजूचाही पुरावा आहे, नाही असं नाही. अमेरिकेतल्या एबीसीडी या मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच्या अभ्यासातल्या ९८०४ मुलांचं विश्लेषण २०२४ च्या अखेरीस आलं. १५ वर्षांच्या आत दारू, तंबाखू किंवा गांजा चाखलेल्या मुलांच्या मेंदूत जे फरक दिसतात, त्यांतले बरेचसे ९-१० व्या वर्षीच्या स्कॅनमध्ये, चाखण्याच्या आधीच, होते.

सातबारा

मेंडेलियन रँडमायझेशनने (जनुकीय फरक वापरून कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते ओळखायची पद्धत) सुटत नाही का हे? जनुकं तर जन्मताच वाटली जातात, पिण्याने बदलत नाहीत.

खडूस_संख्या

एका दिशेने बऱ्यापैकी सुटतं, दुसऱ्या दिशेने नाही. का ते पाहा.

'पिणं → मेंदू' या दिशेला एडीएच१बी सारखं हत्यार हाती आहे. ते यकृतात काम करतं, पिण्यावर जोरदार परिणाम करतं, मेंदूच्या तंतूंशी थेट संबंध असायचं कारण नाही. हत्यार स्वच्छ. 'मेंदू → पिणं' या दिशेला मात्र जोडणीशी संबंधित फरक प्रत्येकी किडूकमिडूक, आणि तेच फरक शिक्षण, तंबाखू, नैराश्य यांनाही स्पर्श करणारे. हत्यार चिकट.

करायचंच असेल तर किमान एवढं करा. फरक निवडताना एकमेकांपासून स्वतंत्र घ्या: आर-वर्ग (दोन फरक वारशात किती एकत्र येतात त्याचं माप) ०.००१ च्या खाली, खिडकी १०,००० किलोबेसची. प्रत्येकाचा एफ (हत्याराच्या जोराचं माप) १० च्या वर. दोन्ही अभ्यासांत अक्षरांची बाजू जुळवा. ए/टी आणि जी/सी प्रकारचे फरक, ज्यांची वारंवारता ५० टक्क्यांच्या आसपास आहे, ते सरळ टाकून द्या, कारण कोणती साखळी वाचली आहे ते कळत नाही आणि परिणामाचं चिन्ह उलटं होतं. आणि जी चूक सर्रास होते ती म्हणजे दोन्ही बाजूंना बायोबँकच. स्कॅनही तिथले, पिण्याची माहितीही तिथलीच. माणसं तीच असली की कमकुवत हत्यारांचा कल साध्या, गोंधळलेल्या सहसंबंधाकडे झुकतो, आणि आपण म्हणतो 'कार्यकारण सिद्ध'.

सातबारा

आभार. माझ्याकडे यापेक्षा जमिनीवरचा मुद्दा आहे: 'पिणं' मोजताय कसं? जनुक अब्जावधी अक्षरांतून नेमकं वाचायचं आणि दारू मात्र "घेतो थोडीशी" यावर मोजायची?

ऑडिट नावाची १० प्रश्नांची जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे, ० ते ४० गुण, ८ पासून पुढे धोका. तिचा दुसरा प्रश्न: पिता त्या दिवशी किती ड्रिंक घेता? इथे ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपला माणूस म्हणतो, "एकच. एक क्वार्टर." मुलाखत घेणारा १ लिहितो.

हिशोब करा. १८० मिलि, ४२.८ टक्के, गुणिले अल्कोहोलची घनता ०.७८९: ६०.८ ग्रॅम. एक नव्हे, सहा ड्रिंक. रोज एक क्वार्टर मारणाऱ्याचे खरे गुण: पहिल्या प्रश्नाला ४, दुसऱ्याला २, तिसऱ्याला (एका बैठकीत सहा किंवा जास्त, किती वेळा?) ४. तीन प्रश्नांतच १०, धोक्याची रेघ पार. "एकच" असं लिहिलं तर ४, ०, ०. म्हणजे ४. हा माणूस कागदावर बेताने पिणारा ठरून निरोगी गटात जाऊन बसला! तिथून पुढे कितीही महागडं स्कॅन केलं तरी काय उपयोग.

विचारायचं असं: कुठला माल, बाटली केवढी, नाइंटी की क्वार्टर की खंबा, खंब्यात किती जण. ३० मिलिचा छोटा पेग १०.१ ग्रॅम, नाइंटी ३०.४. बीअरची ६५० ची बाटली ५ टक्क्यांची २५.६, स्ट्राँग ८ टक्क्यांची ४१. ग्रॅममध्येच नोंद ठेवावी, कारण अमेरिकन ड्रिंक १४ ग्रॅमचं, ब्रिटिश युनिट ८ चं. माहिती एकत्र करताना 'ड्रिंक' हा रकाना तसाच जोडला की खिचडी होते.

अक्षतंतू

यात जनुकांच्या बाजूचीही गंमत आहे. ऑडिटचे पहिले तीन प्रश्न (किती पिता) आणि पुढचे सात (त्रास काय होतो) यांची जनुकीय ओळख वेगवेगळी निघते. त्रासाच्या प्रश्नांची जनुकं नैराश्य वगैरे मानसिक आजारांशी जुळतात, प्रमाणाच्या प्रश्नांची तशी नाहीत. उलट शिक्षण-उत्पन्नाशी त्यांचं सूत जुळतं. म्हणून 'दारूशी संबंधित जनुक' असं वाचलं की पहिला प्रश्न: दारूचं प्रमाण की दारूचा त्रास?

निळी_शाई

भारतात यातलं काही लागू पडतं का?

कोरांटी

यकृताची वाट आपल्याकडे जवळजवळ बंद आहे. पूर्व आशियात तोंड लाल करणारा एएलडीएच२ चा प्रकार भारतात फार विरळ. म्हणजे ते नैसर्गिक कुंपण आपल्याला नाही, मेंदूची बाजू त्यामुळे आपल्यासाठी जास्त महत्त्वाची.

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये हे काम जुनं आहे. व्यसनी माणसांच्या जवळच्या पुरुष नातलगांत पी३०० ची उंची जोखमीच्या उलट प्रमाणात जाते, हे त्यांनी १९९५ मध्येच छापलं होतं. आता सी-वेदा हा व्यसनाच्या आणि वर्तनाच्या जोखमीवरचा भारत-ब्रिटन समूह आहे, ६ ते २३ वयाचे, देशभरात ७ केंद्रं. पण जनुकांचं भांडवल बघा. समस्याजनक मद्यपानावर २०२३ साली झालेल्या सगळ्यात मोठ्या अभ्यासात १०,७९,९४७ माणसं होती, त्यांत दक्षिण आशियाई १७१६. त्यावरून काढलेला जोखमीचा गुणांक नागपूरच्या माणसाला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा.

खडूस_संख्या

आपल्याकडे आणखी एक पेच, जातीतल्या जातीत लग्नांचा. पिढ्यानपिढ्या तेच चालल्याने एका समूहातली अनोळखी माणसंही जनुकांनी दूरची भावंडं निघतात. प्लिंक या जनुकीय विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा नातेमापक चालवला आणि ०.१२५ वर रेघ ओढली तर निम्मा नमुना गळू शकतो. समूहरचना धरून नातं मोजणारी पद्धत वापरा, आणि माणसं टाकण्याऐवजी नात्याचा तक्ता मिश्र प्रारूपात (नातं हिशोबात धरणाऱ्या गणिती मॉडेलमध्ये) घाला. दहा प्रधान घटक (वंशातला फरक दाखवणारे आकडे) घालून भागेल, हा भ्रम सोडा. रुग्ण एका समाजाचे आणि निरोगी दुसऱ्या समाजाचे, असा नमुना तर गोळाच करू नका. नंतर कुठलंच गणित त्याला वाचवत नाही.

टिपकागद

एक सुचतंय, जाणकारांनी फाडून खावं. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, बायका १.६ टक्के. निबंधातला परिणाम २५ ते ३० वयाच्या बायकांत ठळक. म्हणजे कोरांटींच्या प्रश्नाची आयती कसोटी आपल्याकडे आहे! कधीच न प्यायलेल्या २५-३० च्या बायकांत तो फरक आणि मंद थीटाची लय यांचं नातं पाहा. दिसलं, तर ते पिण्यामुळे आलेलं नाही, जोडणीचंच आहे. दिसलं नाही, तर पिण्याच्या परिणामाचा संशय बळावतो.

खडूस_संख्या

फाडायला बसलो होतो, पण बरं आहे हे. चीनच्या काडूरी बायोबँकेने २०१९ साली हाच डाव रक्तदाब आणि पक्षाघातासाठी टाकला होता: पुरुष ३३ टक्के दर आठवड्याला पिणारे, बायका २ टक्के. जनुकाचा परिणाम फक्त पुरुषांत दिसला, म्हणजे तो दारूतूनच येतो. तुमचा डाव त्याचीच उलटी बाजू.

नमुना किती लागेल? एकच फरक तपासायचा आहे, त्यामुळे उंबरठा ०.०५ चालेल. त्याने लयीतल्या फरकाचा ०.४ टक्के भाग समजावला असं धरलं तर ८० टक्के ताकदीसाठी (परिणाम खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता) साधारण १९६० बायका. पहिल्या शोधातले परिणाम फुगलेले असतात म्हणून ०.१ टक्का धरा: ७८५०. "नाही दिसलं" म्हणायचं तर दुसरा आकडा गाठायला हवा, नाहीतर न दिसण्याला अर्थ नाही. आणि आपल्या लोकांत त्या फरकाची वारंवारता आधी पाहा, शेजारच्या फरकांचा गठ्ठाही युरोपीयांसारखाच आहे का ते पाहा. गठ्ठा वेगळा असला तर एकाच अक्षरावर न अडता अख्खा पट्टा तपासावा.

पारवा

अवांतर: थुंकी पाठवली की 'व्यसनाची जनुकीय जोखीम' सांगणारे किट मिळतात. भाच्यासाठी घ्यावं का, असं एकाने विचारलंय.

कोरांटी

नको. एकेका फरकाचा परिणाम एका टक्क्याहूनही कमी, गुणांक युरोपीय माणसांवर बेतलेला, आणि उत्तर काहीही आलं तरी करायचं तेच. त्यापेक्षा घरात कोण, कोणत्या वयापासून, किती पितं, हे कागदावर लिहा. आजच्या घडीला त्या किटपेक्षा जास्त कळेल.

आणि घरात रोज भरपूर पिणारं कुणी असेल तर "आजपासून एकदम बंद" असं शपथ घालून करवू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा; थायमिनही तेच देतील, ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, टेलिमानस १४४१६.

सातबारा

माझ्या हिशोबात एक राहिलं. ५०० मिलिचा बीअरचा कॅन ५ टक्क्यांचा असेल तर १९.७ ग्रॅम, म्हणजे दोन ड्रिंक. प्रश्नावलीत 'कॅन' आणि 'बाटली' हे रकाने वेगळे ठेवा. लोक दोन्हीला "एक बीअर" म्हणतात.